झटका, हाजरी आणि निदान : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात अपस्मारोपचाराचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना :

वैद्यकाचा इतिहास सामान्यतः शोधांचा, औषधांचा आणि रुग्णालयांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रुग्ण डॉक्टरांपुढे येऊन बसण्यापूर्वी कोणकोणते उंबरठे झिजवून आला, त्याच्या दुखण्याला घरात कोणते नाव होते आणि ते नाव डॉक्टरांना सांगताना त्याने काय वगळले, याची नोंद या इतिहासात क्वचितच आढळते. अपस्मार, म्हणजेच बोलीभाषेतील फेफरे किंवा मिरगी, या विकाराच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण या विकाराचे निदान मुख्यतः कथनावर अवलंबून असते. झटका एक-दोन मिनिटांत ओसरतो. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत तो सहसा येतच नाही. मेंदूतील विद्युत-लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, काढला तरी पहिल्याच आलेखात दोष दिसेल याची शाश्वती नसते आणि आलेख निर्दोष आला म्हणून अपस्मार नाही, असेही म्हणता येत नाही. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञ, हातात यंत्र घेण्यापूर्वी बराच वेळ केवळ ऐकत असतो. जे ऐकायचे ते मात्र रुग्णाच्या भाषेतून, धर्मातून, जातीतून आणि घरातील त्याच्या स्थानातून गाळून त्याच्यापर्यंत पोहोचते.

प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्हा केंद्रस्थानी ठेवून या ऐकण्याचा इतिहास तपासला आहे. निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या रुग्णांवर उपचार करताना येणारी अडचण ही रुग्णाच्या अज्ञानाची व अंधश्रद्धेची असते, असा समज सुशिक्षित वर्गात रूढ आहे. इतिहास पाहू गेल्यास वैद्यकाचे आणि कायद्याचे पूर्वग्रहही रुग्णाला तितकेच महाग पडल्याचे दिसते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

जिल्हा, त्याच्या बोली आणि दूरची रुग्णालये :

बुलढाणा हा वऱ्हाडचा पश्चिमेकडील जिल्हा. १८५३ च्या तहानुसार वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत. परंतु बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा प्रदेश रेल्वेपासून वंचितच राहिला. ही बाब वरकरणी वैद्यकाशी असंबद्ध वाटेल. तथापि अपस्माराच्या रुग्णाला एकदा नव्हे, तर वर्षानुवर्षे तपासणीस जावे लागते आणि तेथे एस.टी.चे भाडे व बुडालेली मजुरी हाही उपचाराच्या खर्चाचाच भाग ठरतो.

वैद्यकीय महाविद्यालये या जिल्ह्याभोवती फार सावकाश उभी राहिली. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मधील, तेव्हाच्या औरंगाबादचे १९५६ मधील आणि अकोल्याचे २००२ मधील आहे. खुद्द बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास २०२४ साल उजाडावे लागले. मेंदूविकारशास्त्र ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून भारतात स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई, वेल्लोर व मद्रास येथे रुजली. न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली. तेथून घाटावरच्या खेड्यापर्यंत हे शास्त्र पोहोचण्यास आणखी कित्येक दशके गेली. मधल्या काळात येथील माणूस उपचाराविना बसून राहिला नव्हता. तो वैदूकडे, हकिमाकडे, भगताकडे, दर्ग्यावर आणि देवस्थानावर जात होता.

भाषेच्या दृष्टीने हा जिल्हा वाटतो तितका एकजिनसी नाही. वऱ्हाडी मराठी सर्वत्र बोलली जाते. तिच्या जोडीला मुस्लिम घरांतील उर्दू, तांड्यांवरील गोरमाटी आणि सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू या भाषा आहेत. जळगाव जामोद परिसरात निहाली ही भाषा बोलली जाते. तिचे नाते कोणत्याही भाषाकुळाशी निर्विवादपणे जोडणे भाषाशास्त्रज्ञांना अद्याप साधलेले नाही आणि ती बोलणाऱ्यांची संख्या अवघी काही हजार आहे. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्यानंतर रुग्णाची भाषा कितपत शाबूत आहे, हे तपासणे मेंदूविकारतज्ज्ञाच्या नित्याच्या कामाचा भाग होय. निहाली बोलणाऱ्या वृद्धास मराठीत प्रश्न विचारला आणि तो गप्प राहिला, तर ते मौन रोगाचे, परक्या भाषेचे की संकोचाचे? घरचा माणूस दुभाषा म्हणून जवळ बसविल्याशिवाय याचा उलगडा होत नाही. स्मृतीच्या चाचण्यांचीही हीच गत आहे. जगभर प्रचलित झालेली १९७५ ची फोलस्टाइन चाचणी तारीख, लेखन आणि शंभरातून सात-सात वजा करणे अशा शालेय सवयी गृहीत धरते. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी तिचे हिंदी रूप तयार करताना संशोधकांना १९९५ मध्ये ही गृहीतकेच बदलावी लागली. शाळेची पायरी न चढलेल्या, पण घरातील प्रत्येक गुराचे वय आणि वाण सांगू शकणाऱ्या शेतकऱ्यास विस्मृतीचा रोगी ठरविण्याचा धोका अशा चाचण्यांत असतो.

दुखण्याची नावे :

या प्रदेशात झटक्याला एक नाव नाही. फेफरे, मिरगी, फिट, झटका हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. लहान मुलास तापात येते ती आकडी. उर्दू बोलणाऱ्या घरांत मुलांच्या आकडीस ‘उम्मुस्सिबियान’ म्हणण्याची जुनी परंपरा आहे. हे नाव एकाच वेळी रोगाचेही आहे आणि मुलांना छळणाऱ्या एका जिन्नीचेही. यांपैकी कोणताही शब्द न उच्चारता केवळ ‘बाहेरचं आहे’ किंवा ‘वारं लागलं’ एवढेच सांगणारी कुटुंबेही असतात. या प्रत्येक शब्दामागे उपचाराची एक दिशा ठरलेली असते. ‘फिट’ म्हटले की दवाखाना आणि ‘बाहेरचं’ म्हटले की देवस्थान.

येथे प्राचीन वैद्यकाचा दाखला उद्‌बोधक ठरतो. चरकसंहितेच्या निदानस्थानात सातवा अध्याय उन्मादाचा व आठवा अपस्माराचा आहे. चिकित्सास्थानातही अपस्मारास स्वतंत्र अध्याय असून दोषांनुसार त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. म्हणजे मनोविकार आणि झटक्यांचा विकार हे वेगळे आहेत, ही जाणीव त्या काळीही होती. उन्मादाच्या अध्यायाच्या अखेरीस तर, मनुष्य स्वतःच्या प्रज्ञापराधाने आजारी पडतो, देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस त्याला पीडा देत नाहीत, अशा आशयाचे विवेचन येते. त्याच परंपरेत भूतविद्या हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंगही होते, हे विसरता येत नाही. शरीराचा दोष आणि बाहेरची बाधा ही दोन्ही स्पष्टीकरणे भारतीय वैद्यकात शेजारी-शेजारी नांदत आली. ग्रीसमध्येही हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात या ‘पवित्र’ रोगाचे मूळ मेंदूत असल्याचे सांगितले गेले, तरी त्यानंतर दोन हजार वर्षे युरोपातील रुग्ण संतांच्या समाधीवर जातच राहिले. त्यामुळे बुलढाण्यातील एखादे कुटुंब सकाळी दर्ग्यावर आणि दुपारी दवाखान्यात जात असेल, तर त्यास गोंधळलेले म्हणण्यापेक्षा दोन जुन्या परंपरांचे वारसदार म्हणणे अधिक न्याय्य होईल.

आणखी एक भाषिक अडचण येथे नोंदविली पाहिजे. मेंदूच्या कुशीच्या भागातून, म्हणजे कानशिलामागील खंडातून उद्‌भवणाऱ्या झटक्याची पूर्वसूचना अनेकदा पोटातून वर चढणाऱ्या संवेदनेच्या रूपाने मिळते. मराठी रुग्ण तिचे वर्णन ‘पोटातून गोळा उठतो’ असे करतो. हे वर्णन पाठ्यपुस्तकातील वर्णनाशी तंतोतंत जुळते. पण तेच वाक्य गावातील डॉक्टरास ‘गॅस’ वाटते आणि रुग्ण पित्ताच्या गोळ्या घेत राहतो. गोळ्यानंतर काय होते, हा एक प्रश्न पुढे विचारला तर शून्यात पाहणे, ओठ चावल्यासारखी हालचाल, कपडे चाचपणे, असंबद्ध पुटपुटणे हा सारा क्रम बाहेर येतो. हेच पुटपुटणे घरच्यांच्या लेखी अंगात आलेल्याचे बोलणे असते.

सैलानी : एका अंगणातील अनेक आजार :

बुलढाणा तालुक्यातील पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांचा दर्गा हे या जिल्ह्यातील उपचारश्रद्धेचे सर्वांत मोठे केंद्र होय. होळीच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते आणि त्यानंतर काही दिवसांनी संदल निघतो. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, बंजारा, आदिवासी असे सर्व थरांतील लोक येथे येतात, महाराष्ट्राबाहेरूनही येतात. सोबत पुष्कळदा घरातील एक आजारी माणूस असतो. रुग्णालयाच्या नोंदवहीत जे लोक जात, धर्म व उत्पन्न यांच्या निरनिराळ्या रकान्यांत विखुरले जातात, ते येथे एकाच अंगणात बसलेले आढळतात. सामाजिक विविधतेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास याहून बोलके स्थळ विदर्भात शोधणे कठीण आहे.

दर्ग्यांच्या परिभाषेत अंगात येऊन घुमण्यास ‘हाजरी’ म्हणतात. मेंदूविकारतज्ज्ञाच्या दृष्टीने पाहिल्यास कोणत्याही अशा स्थानी एकत्र जमणाऱ्यांत किमान तीन वेगळे समूह असतात : खरा अपस्मार असणारे, मानसिक ताणातून झटक्यासारखी अवस्था येणारे आणि स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मनोविकाराचे रुग्ण. तिघांनाही समाज एकच नाव देतो. मात्र पहिल्यास झटके थांबविणारी गोळी लागते, दुसऱ्यास त्याच गोळीचा काडीचाही उपयोग नसतो, तिसऱ्याचा उपचार मानसोपचारतज्ज्ञाकडे असतो. ही गल्लत केवळ खेड्यातील अडाणीपणाची नव्हे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात १८७० च्या सुमारास अपस्माराच्या आणि उन्मादवायूच्या स्त्रिया एकाच विभागात ठेवल्या गेल्या. सहवासाने दुसऱ्या गटातील स्त्रियांचे झटके पहिल्या गटासारखे दिसू लागले आणि आधुनिक मेंदूविकारशास्त्राचा एक जनक मानला गेलेला शार्को त्यावरून एका नव्या मिश्र रोगाची मांडणी करून बसला.

दोन्ही प्रकारचे झटके वेगळे कसे ओळखावेत? खऱ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, जिभेची कड चावली जाते, कपड्यांत लघवी होऊ शकते, झटका झोपेतही येतो आणि ओसरल्यावर काही वेळ माणूस भांबावलेला असतो. मनोजन्य अवस्थेत डोळे घट्ट मिटलेले असतात आणि अवस्था पुष्कळदा दहा-पंधरा मिनिटे वा त्याहून अधिक लांबते. ही लक्षणे एकेकटी निर्णायक नाहीत. सर्वांचा मिळून विचार करावा लागतो. मनोजन्य झटके म्हणजे ढोंग, असे मानणारे डॉक्टर आजही आढळतात. ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय सासरी कोंडमारा सोसणाऱ्या एखाद्या तरुणीस ती पुन्हा एकदा खोटी ठरविते.

याहूनही सूक्ष्म बाब ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ व्हिएडा स्कल्टन्स यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फलटण येथील महानुभाव मंदिराच्या अभ्यासातून पुढे आली. तेथे घरातील आजारी माणसासोबत राहणाऱ्या स्त्रिया, बहुधा आई किंवा पत्नी, स्वतःच अंगात येऊन घुमत. आजार आपल्यावर यावा आणि मुलगा वा पती बरा व्हावा, अशी त्यामागील भावना होती. म्हणजे जी हलते आहे ती रुग्ण असेलच असे नाही. अशा कुटुंबाकडून माहिती घेताना ‘कोणाला होते?’ हा अगदी प्राथमिक प्रश्नही स्पष्टपणे विचारावा लागतो. तसेच आजाराचा भार स्त्रियांनी स्वतःच्या अंगावर घेण्याची ही रीत केवळ धार्मिक मानून चालणार नाही. दवाखान्यात रजा घेऊन कोण येते आणि घरी गोळ्या मोजून कोण देते, याचेही उत्तर बहुतेक तेच असते.

देवस्थानी रुग्णास काहीच लाभ होत नाही, असेही सरसकट म्हणता येत नाही. तमिळनाडूतील एका मंदिरात राहिलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे सहा आठवड्यांच्या वास्तव्यात त्यांच्या लक्षणांत जवळजवळ २० टक्के घट झाल्याचे त्यात आढळले. मारहाण नव्हती, सोबत घरचे माणूस होते आणि कोणी हिणवत नव्हते. परंतु हा निष्कर्ष मनोविकारांपुरता आहे. अपस्मारास तो जसाच्या तसा लावणे धोक्याचे ठरेल. यात्रेतील रात्रभरचे जागरण, उपास, दगदग आणि राहून गेलेली गोळी ही चारही कारणे खऱ्या अपस्माराचा झटका ओढवून आणणारी आहेत. पहाटे आलेला असा झटका श्रद्धाळू नातेवाइकास मात्र बाधा ‘बोलू लागल्याची’ खूण वाटतो आणि औषध आणखी लांबणीवर पडते.

याच विषयाची काळी बाजू ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एर्वाडी येथे उघड झाली. दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयगृहाच्या झोपडीला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मृत्यू पावले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. भूत उतरविण्याच्या निमित्ताने दोराने वा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे ही कृत्ये त्याच्या अनुसूचीत पहिल्याच क्रमांकावर आहेत. एक गोष्ट मात्र लक्षात येते : वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखण्याबाबतचे जे कलम या अनुसूचीत आहे, ते कुत्रा, साप व विंचू यांच्या दंशापुरते आहे. वर्षानुवर्षे झटके येणाऱ्या मुलीस गोळीपासून दूर ठेवणे त्यात नाव घेऊन नोंदलेले नाही. सापाचा दंश सर्वांस दिसतो, फेफरे घरात झाकले जाते, हे त्यामागील कारण असावे.

गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ च्या सुमारास ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या मुजावरांनीच आजारी माणसास शेजारच्या दवाखान्यात पाठवावे, प्रार्थना चालू ठेवावी व औषधही, अशी त्याची योजना. श्रद्धास्थानात सरकारी दवाखाना बसविण्यावर काही अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत आणि ते सर्वस्वी निराधार नाहीत. तरीही रुग्ण जेथे आधीच आहे तेथे डॉक्टरांनी जावे, हे त्यातील सूत्र बुलढाण्यासारख्या जिल्ह्यास विशेष लागू पडते.

डॉक्टरांचा पूर्वग्रह : फीतकृमीची कथा :

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. १९७० च्या दशकाअखेर भारतात सी.टी. स्कॅन आले आणि झटके येणाऱ्या पुष्कळ तरुण रुग्णांच्या मेंदूत एकच लहानशी गाठ दिसू लागली. क्षयरोगाचा देश म्हणून ती क्षयाची गाठ समजली गेली आणि असंख्य रुग्णांना क्षयाची औषधे दीर्घकाळ देण्यात आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील चांडी, राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांपैकी बहुतेक डुकराच्या फीतकृमीच्या अळीच्या, म्हणजे सिस्टिसर्कोसिसच्या, असल्याचे त्यांनी १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये दाखवून दिले. पुढे यांतील अनेक गाठी आपोआप विरून जातात, हेही स्पष्ट झाले.

निदान बदलले, तरी त्यामागोमाग दुसरा पूर्वग्रह आला. डुकराचा संबंध आल्यामुळे ‘तुम्ही डुकराचे मांस खाता का?’ हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात विचारला जाऊ लागला. मुस्लिम कुटुंबास तो अपमानास्पद वाटे, माळकरी वारकऱ्यास विटाळासारखा आणि ज्या जातींवर डुक्कर पाळण्याचा शिक्का बसलेला आहे, त्यांना तो आरोपासारखा. वस्तुतः हा प्रश्नच चुकीचा होता. नीट न शिजविलेले मांस खाल्ल्याने आतड्यात फीतकृमी होतो. मेंदूतील गाठ मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होते आणि अंडी येतात ती दूषित पाणी, न धुतलेला भाजीपाला आणि अस्वच्छ हात यांतून. जन्मभर कांदा-लसूणही न खाल्लेल्या घरात ही गाठ आढळते, ती यामुळेच. गावाच्या कडेला मोकळ्यावर शौचास बसावे लागणाऱ्याचा आणि त्याच शिवारातील कोथिंबीर बाजारातून घरी नेणाऱ्याचा मेंदू येथे एका धाग्याने जोडला जातो. जातीनिहाय सवयींवरून रोग ओळखण्याची घाई किती फसवी असते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण भारतीय मेंदूविकारशास्त्रात सापडणार नाही.

कायदा, लग्न आणि गोळीची डबी :

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि वारंवार येणारे वेडाचे ‘किंवा अपस्माराचे’ झटके हे विवाहास अपात्र ठरविणारे कारण बनले. चरकाने वेगळे केलेले दोन रोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संसदेने एका वाक्यात बांधले, असे म्हणावे लागते. मेंदूविकारतज्ज्ञ आणि अपस्मार संघटनांच्या पाठपुराव्यानंतर १९९९ च्या दुरुस्तीने ‘अपस्मार’ हा शब्द हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून वगळण्यात आला. कायदा बदलून पाव शतक उलटले. समाजात मात्र जुना कायदाच चालू असल्यासारखी स्थिती अनेक ठिकाणी आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतील २००७ च्या अभ्यासात विवाहापूर्वीपासून अपस्मार असलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी तो सासरपासून लपविल्याचे आढळले होते. केरळसारख्या साक्षर राज्यात ही स्थिती, तर वऱ्हाडातील खेड्यात वेगळे घडत असेल असे मानण्यास आधार नाही.

लपविण्याचा थेट परिणाम उपचारावर होतो. सासरी गोळीची डबी कोठे ठेवायची, हा नववधूपुढील खरा प्रश्न असतो. डबी माहेरीच राहते, गोळी एकाएकी बंद होते आणि काही दिवसांतच चुलीपाशी किंवा विहिरीच्या काठावर झटका येतो. भाजणे आणि बुडणे हे अपस्माराच्या ग्रामीण रुग्णांचे नेहमीचे अपघात आहेत. म्हणून उपवर मुलीस औषध लिहून देताना मेंदूविकारतज्ज्ञास रोगाच्या पलीकडचा विचार करावा लागतो. १९३८ पासून वापरात असलेले फेनिटॉइन स्वस्त व परिणामकारक आहे, परंतु दीर्घकाळ घेतल्यास हिरड्या सुजतात, चेहऱ्यावर लव वाढते. व्हॅल्प्रोएट अनेक प्रकारच्या झटक्यांवर गुणकारी असले, तरी गर्भावर त्याचे गंभीर दुष्परिणाम होतात. त्यामुळे मूल होण्याच्या वयातील स्त्रीस ते शक्यतो टाळतात. १९१२ पासून प्रचलित असलेले फेनोबार्बिटोन सर्वांत स्वस्त आणि दिवसातून एकदा पुरणारे, पण सुस्ती आणणारे आहे. शाळकरी मुलास ते देणे वेगळे आणि गुराख्यास देणे वेगळे. हे औषध रक्तात बराच काळ टिकते. त्यामुळे रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्या रुग्णास ते सोयीचे ठरते; इतर औषधांच्या वेळा सहेरी व इफ्तारला जोडून द्याव्या लागतात. श्रावण-नवरात्रात निरंकार उपास करणाऱ्या स्त्रीस ‘पाण्यासोबत गोळी घेतल्याने उपास मोडत नाही’ हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगावे लागते, कारण ती ते विचारत नाही. ती नऊ दिवस गोळीच घेत नाही.

कर्नाटकातील येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी व सहकाऱ्यांनी केलेला आणि २००१ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उल्लेखनीय आहे. फेनोबार्बिटोन व फेनिटॉइन या साध्या औषधांनी, गावपातळीवर पाठपुरावा ठेवून, ग्रामीण रुग्णांचे झटके आटोक्यात ठेवता येतात, हे त्यांनी दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. मात्र गरीब देशांतील सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांपर्यंत तो उपचार पोहोचत नाही. येळंदूरमध्ये महागडे यंत्र नव्हते, घरोघर जाणारे माणूस होते.

विदर्भातीलच दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेत अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश कालकोंडे यांनी ग्रामीण व आदिवासी भागात काम केले. गावातील मृत्यूंची घरोघर चौकशी करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दर सात मृत्यूंपैकी सुमारे एक पक्षाघाताने झाल्याचे आणि बहुसंख्य रुग्ण घरीच दगावल्याचे दिसले. रुग्णालयात बसून ही आकडेवारी कधीच मिळाली नसती. जो रुग्ण दवाखान्यात आलाच नाही, तो दवाखान्याच्या नोंदीत कोठून येणार?

बुलढाण्याच्या संदर्भात अलीकडील एक बदल लक्षणीय आहे. मोबाइलवर झटक्याचे चित्रीकरण करून आणा, असे आता मेंदूविकारतज्ज्ञ नातेवाइकांना सांगतात. कोरकू बोलणारी आई असो, उर्दू बोलणारा भाऊ असो की तांड्यावरचा काका, त्याच्याजवळचा एक मिनिटाचा तुकडा दुभाष्याविना बोलतो. डोळे उघडे की मिटलेले, मान कोणत्या बाजूस वळली, कोणता हात आधी हलला, हे त्यात दिसते. त्या तुकड्याच्या कडेला अनेकदा कोणीतरी नाकाशी धरलेला कांदा किंवा चप्पल आणि मुठीत कोंबलेली किल्लीही दिसते. अनुभवी डॉक्टर त्यावर रागावत नाही. झटका आपोआपच थांबतो, कांद्याने नव्हे, एवढे समजावून तो रुग्णास कुशीवर कसे वळवावे, तोंडात काही का घालू नये आणि पाच मिनिटांहून अधिक काळ झटका चालल्यास ताबडतोब दवाखाना का गाठावा, हे त्याच चित्रफितीवर बोट ठेवून दाखवितो. मग औषध लिहून दिले जाते. दोन-तीन वर्षे झटका आला नाही तर गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार होतो. तो निर्णय घेण्यापूर्वी आलेखाबरोबर आणखी काही गोष्टी विचाराव्या लागतात : रुग्ण विहिरीवर मोट-मोटारीचे काम करतो काय, दुचाकी चालवितो काय, येत्या होळीला यात्रेस जाण्याचा नवस आहे काय, आणि मुलगी असेल तर तिचे लग्न ठरले आहे काय व सासरच्यांना सांगितले आहे काय.